धागा: रोगराईच्या देवाला भक्त कशाला मिळतील? (आमच्या शनिवारच्या खेळासाठी मदत हवी)

फासेवाला_पंचवटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री आमच्या गच्चीवरच्या खोलीत फाशांचा खेळ खेळतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जातकुळीतला. एकाने (म्हणजे मी) जग रचायचं, बाकीच्या चौघांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. सगळा कारभार तोंडी आणि मराठीत. आमच्या काल्पनिक गावाचं नाव सातघाट. नदी, घाट, देवळं, बारा वर्षांनी भरणारा मेळा. कुठून उचललंय ते नाशिककरांना सांगायला नको.

गेल्या शनिवारी मी मोठ्या हौसेने नवा खलनायक आणला: रोगाचा आणि कुजण्याचा देव, आणि त्याचा गुप्त पंथ. घाटाखालचं भुयारी गटार, मशाली, हिरवे झगे, घोगऱ्या आवाजातला मंत्र. देवाचं नाव ठेवलं सडोबा. खंडोबा, म्हसोबा, तसा सडोबा, असा माझा हिशेब. दहा मिनिटं कुणी सरळ बसलं नाही. एकाचा चहा नाकातून आला.

हसून झाल्यावर आमची चोर (खेळातली चोर, एरवी सीएची आर्टिकलशिप करते) म्हणाली, "ते सगळं ठीक आहे रे, पण ह्यांना ह्यात मिळतं काय? सकाळी उठून कोण म्हणेल, देवा, आज मला हगवण दे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फासे डब्यात घातले आणि खाली जाऊन सगळ्यांनी भेळ खाल्ली.

तर, असा पंथ पटेल असा कसा रचावा? आणि नावही सुचवा प्लीज.

---

मिसळपंथी

सडोबा!! हसून हसून पुरेवाट.

सडोबाची बायको बुरशीआई, धाकटा भाऊ कुबटराव. यात्रा आषाढात, नैवेद्याला फ्रीजमध्ये मागे राहून गेलेली भाजी. आमच्या घरी जागृत देवस्थान आहे.

---

ऑर्कभाऊ

विषय आवडता आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

या प्रकारच्या देवांत सगळ्यात नीट विचार केलेला म्हणजे वॉरहॅमर या खेळातला नर्गल. गेम्स वर्कशॉपच्या त्या जगात चार काळे देव आहेत: खोर्न रक्ताचा, झीन्च बदलाचा आणि कारस्थानांचा, स्लानेश अतिरेकी सुखाचा, आणि नर्गल रोगाचा न् कुजण्याचा. गंमत म्हणजे चौघांत सगळ्यात प्रेमळ तोच! भक्त त्याला 'आजोबा' म्हणतात. आकडा सात. त्याचे दूत सतत रोगांची मोजदाद करत फिरतात, आणि ती मोजदाद कधी जमतच नाही. अंगाखांद्यावर खिदळणारी बारकी पिल्लं. तो कुणाला शिक्षा म्हणून रोग देत नाही. नातवाला लाडू द्यावा तसा देतो.

तुमच्या चोरताईंचा प्रश्न त्या लोकांनी आधीच सोडवलाय. भक्ताचा रोग जात नाही, दुखणं जातं. अंग सडतं पण कळ येत नाही. म्हणजे त्याचं गिऱ्हाईक दुष्ट माणूस नाही, हताश माणूस आहे. सगळे वैद्य करून झालेला, मरणाला घाबरलेला.

आणखी एक फार सुंदर गोष्ट. त्याच्या बागेत इशा नावाची एल्फ लोकांची आरोग्यदेवी पिंजऱ्यात कोंडलेली आहे. नवा काढा उकळला की तो आधी तिला पाजतो, कसा वठतो ते बघायला. ती त्यातून बरी होते आणि होता होता त्यावरचा उतारा जगाच्या कानात कुजबुजते. म्हणजे रोग आणि औषध एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात.

व्हिडिओ गेमवाल्यांना स्कायरिममधला (२०११) रोगाचा देव पेराइट आठवत असेल. त्याच्याशी बोलायचं तर चार जिन्नस गोळा करून उकळायचे आणि वाफ हुंगायची. चक्क वाफारा! आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फरगॉटन रेल्म्स या जगात कुजण्याचा देव मोअँडर, त्याची खूण उघडा तळहात आणि तळहातात तोंड. ती खूण मात्र कुणी उचलायलाच हवी, एवढी अंगावर येते.

हिरवे झगे काढून टाका हो. गुप्त पंथाला गणवेश असतो का?

---

वाचनमात्र_७

रोचक. +१. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे. तुमच्या खेळातलं कळत नाही, पण रोगातलं थोडं कळतं. सिनेमा आणि गोष्टींतले रोग मला नेहमी खोटे वाटतात, कारण स्पर्श झाला की लगेच माणूस कोसळतो. खऱ्या रोगाची ताकद मधल्या दिवसांत असते. पटकीला काही तास ते पाच दिवस. देवीच्या रोगाला सात ते एकोणीस दिवस. कुष्ठरोगाला सरासरी पाच वर्षं, कधी वीससुद्धा. ज्या दिवशी लागण झाली त्या दिवशी माणूस ठणठणीत होता, लग्नात जेवत होता. तुमचा पंथ लपायचा असेल तर गटारात कशाला लपेल, त्या मधल्या दिवसांत लपेल.

आणि पुजारी हवा असेल तर मेरी मॅलनची हकिकत वाचा. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण. स्वतः धडधाकट, पण विषमज्वराचे जंतू पोटात बाळगून. जिथे कामाला लागली तिथली घरं आजारी पडत गेली. १९०७ मध्ये तिला धरून एका बेटावर ठेवलं. १९१० मध्ये 'पुन्हा स्वयंपाक करणार नाही' या बोलीवर सोडलं. १९१५ मध्ये ती एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या नावाने सापडली! मग १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावरच. तिला शेवटपर्यंत पटलं नाही की आपल्यामुळे कुणी आजारी पडतं. कसं पटेल? तिला काहीच होत नव्हतं.

दोन विनंत्या. एक, पंथातले लोक कुष्ठरोगी दाखवू नका. औषधांनी पूर्ण बरा होतो तो, आणि गोळ्या सुरू झाल्या की पसरायचाही थांबतो. तरी लोक पेशंटच्या हातचं पाणी घेत नाहीत, ते मी रोज बघते.

दुसरी विनंती वासाची. कुजण्याचा वास नेहमी उग्र नसतो. स्युडोमोनास नावाचा एक जिवाणू जखमेत, विशेषतः भाजलेल्या जखमेत, बसतो. पट्टी सोडली की हिरवट-निळी झाक दिसते आणि वास येतो गोडसर, पिकलेल्या द्राक्षांसारखा. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं नातेवाइकांनी फळं आणलीत. मी कॉटखाली पिशवी शोधली होती.

---

फासेवाला_पंचवटी

@रात्रपाळी ताई, शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला. द्राक्षांचा वास! नाशिकमध्ये बसून हे मला कसं माहीत नाही?

@ऑर्कभाऊ, झगे काढले. सडोबाही काढला. पण नवं नाव सुचत नाहीये.

---

निफाडची_वेल

द्राक्ष म्हटलं म्हणून बोलते. आमची तीन एकर बाग आहे. कुजण्याचा देव आमच्याकडे दर वर्षी येतो, ऑक्टोबर छाटणीनंतर, फुलोऱ्याच्या आसपास पाऊस झाला की. डाऊनी म्हणतात त्याला. पानाच्या वरून तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग, आणि पान उलटं केलं की खाली पांढरी लव. वरून बघणाऱ्याला वाटतं थोडं पिवळं पडलंय. मागून बघणाऱ्याला कळतं की घड गेला. तुमच्या पंथाची खूण घ्यायचीच तर ही घ्या: वरून डाग, उलटं केल्यावर लव.

उतारा म्हणजे बोर्डो. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. त्याची कथा आमचे सासरे कृषी प्रदर्शनातून ऐकून आले होते. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना फासायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून. निळंहिरवं काही फासलेलं कोण खाईल? १८८० नंतरच्या काळात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या बागेत डाऊनी आणि रस्त्याकडेच्या वेली ठणठणीत. चोरांसाठी लावलेलं औषध रोगाला लागू पडलं.

बोर्डो जमलं का ते बघायची आमची रीत सांगते, खेळात उपयोगी पडेल. लोखंडी विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून ठेवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पान जळेल. थर नाही चढला तर मारायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी भांड्यात मात्र कधी कालवायचं नाही.

आणि दादा, रोगाचा आणि कुजण्याचा देव एक करू नका. शेतकऱ्याला कुजणं हवं असतं. शेणखत नीट कुजलं नाही तर हुमणी अळी लागते. आम्ही उकिरड्याला नावं ठेवत नाही.

---

मिसळपंथी

उकिरडा वेगळा, फ्रीज वेगळा. समजलं ताई.

---

जुनी_पोथी

नावाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सडोबा का फसला? कारण लोक भीतीच्या गोष्टीचं नाव कधी उघड घेत नाहीत. आपल्या भाषेत देवीच्या रोगाला नावच 'देवी'. अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणायचं, अहो-जाहो करायचं. लस टोचून घेणं म्हणजे 'देवी काढून घेणं'. जिच्या येण्याने अंग तापून निघतं तिचं नाव शीतळा, म्हणजे थंड. श्रावणातल्या शीतळासप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं खायचं. ती गाढवावर बसते, हातात केरसुणी, डोक्यावर सूप. ती आणते आणि तीच झाडून नेते. लोक तिच्याकडे रोग मागत नाहीत, 'आलीस, मान घे, आता सुखाने परत जा' म्हणतात.

हे सगळीकडे आहे. ग्रीकांचा अपोलो बाण मारून साथ पाठवतो आणि बरंही तोच करतो. बाबिलोनियातल्या घरांत पाझुझू नावाच्या भयंकर तोंडाच्या भुताचं चित्र बाळंतिणीजवळ ठेवत, कारण लामाश्तू ही बाळं मारणारी त्याला भिते.

म्हणून तुमच्या देवाला नाव नसावंच. पंथातले लोक त्याला 'पाहुणा' म्हणू देत. "घरी पाहुणा आहे" म्हणजे घरात कुणी आजारी आहे. पुढचं मराठीने आपल्या हातात आयतं दिलंय. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. दिवा, कुंकू, नारळ, सगळं वाढतं. तसा त्यांच्यातला माणूस मरत नाही, वाढतो. निरोप घेताना 'जातो' नाही, 'येतो'. बाजारात उभे राहून सगळ्यांच्या देखत बोलतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. "पाहुणा कधी आला?" "परवा. धाकटा वाढला काल." ऐकणाऱ्याला वाटेल मूल उंचीला वाढलं!

---

ऑर्कभाऊ

दंडवत घ्या _/\_

---

कट्टा_क्रमांक_९

मग सोपं आहे ना. मरीआईचा पोतराज करा मुख्य पुजारी. आसूड, मोकळे केस, डोक्यावर गाडा, घुंगरं. दिसायला एकदम कडक!

---

जुनी_पोथी

नको. पोतराज कोण होते, ते काम कुणाच्या वाट्याला आलं आणि त्या समाजाने ते का सोडलं, हे माहीत असेल तर असं सुचवलं नसतं. पटकीची साथ आली की गावाला तो हवा असे, आणि साथ गेली की तो वेशीबाहेर. ज्या गावात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथल्या गच्चीवर बसून त्यालाच खलनायक करायचं? खेळ आहे म्हणून काय झालं.

---

कट्टा_क्रमांक_९

एवढं डोक्यात नव्हतं आलं. शब्द मागे घेतो.

---

तिळभांडे_गल्ली

गुप्त संघटनेचा अभ्यास करायचाय तर लांब कशाला जाता? १८९९ मध्ये भगूरला प्लेग आला, त्यात सावरकरांचे वडील गेले. कुटुंब नाशिकला आलं आणि १ जानेवारी १९०० ला इथे मित्रमेळा सुरू झाला. वरून गणेशोत्सव आणि शिवजयंती, आतून शपथ. १९०४ मध्ये त्याची अभिनव भारत झाली. मुद्दा एवढाच की गुप्त गोष्ट अंधारात ठेवत नाहीत, गर्दीच्या मधोमध ठेवतात, लोक ज्याला चांगलं म्हणतात अशा कामाच्या आड.

---

कट्टा_क्रमांक_९

आता बघा धागा कुठे जातो. आलेच सगळे.

---

संपादक

विषय काल्पनिक देव आणि त्याचा पंथ असा आहे. राजकारणाचे पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

---

फासेवाला_पंचवटी

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता कच्चा आराखडा टाकतो, झोडपा.

देव म्हणजे पाहुणा. मूर्ती नाही. तो आलाय हे कळतं वासावरून: द्राक्षांचा हंगाम नसताना द्राक्षांचा वास. पंथाची खूण एक पान, वरून डाग, मागून लव. पंथ चालतो मेळ्यातल्या अन्नछत्राआडून. मुख्य पुजारीण एक आजी, तिला स्वतःला कधीच काही होत नाही. तिच्या हातच्या आमटीतून पाहुणा घरोघर जातो. वेलकरी नावाची मंडळी पंथाचे वैरी, ते गावच्या विहिरींत मोरचूद टाकतात. ज्या पाण्यात लोखंडी पातं तांबूस होतं ते पाणी वेलकऱ्यांचं, जिथे होत नाही तिथे पंथाला मोकळं रान.

आणि भक्तांना मिळतं काय? तर वेदनेपासून सुटका, नर्गलसारखी. कसं वाटतं?

---

रात्रपाळी

विहिरीत मोरचूद टाकू नका हो. खेळातसुद्धा नको. उलट्या होतील सगळ्या गावाला.

---

निफाडची_वेल

तेच म्हणणार होते. शिवाय ते फवारायचं असतं, प्यायचं नसतं.

---

देवळालीचा_नातू

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं वेदना थांबण्याचं उत्तर मला उसनं वाटलं. तुमच्या सातघाटातलं नाही वाटलं. आमच्या घरातली गोष्ट सांगतो, काय घ्यायचं ते घ्या.

प्लेगात घरात उंदीर पडला की लोक घर सोडायचे. तेव्हा कारण ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं की उंदीर मेला आणि थंड पडला की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. लोकांना एवढंच कळलेलं की उंदीर पडला, निघा. गावाबाहेर रानात झोपड्या घालून राहायचे. आमच्या खापरपणजीला गाठ आली तेव्हा सगळे निघाले, आणि तिला वेगळ्या झोपडीत ठेवलं. मातीची घागर, थोडी भाकरी. नवरा, दीर, सासू, कुणी आत जायचं नाही. त्यांना नावं ठेवायला नकोत, तान्ही मुलं होती घरात.

ती वाचली. पुढे ऐंशी वर्षांची होऊन गेली. तिने सांगितलेली गोष्ट घरात चालत आली ती अशी: घागर रोज भरलेली असायची. कुणीतरी रात्री येऊन भरून जायचं. कपाळावर हात ठेवायचं. ती डोळे उघडायची तोवर माणूस गेलेला. घरच्यांपैकी कुणी नव्हतं, कारण बरी झाल्यावर तिने एकेकाला विचारलं. प्रत्येकाने मान खाली घातली.

आता समजा त्या माणसाने तिला विचारलं असतं, "आमच्यात येतेस का?" तर ती नाही म्हणाली असती का? तुमच्या चोरताईंना हे विचारा.

---

वाचनमात्र_७

पॉपकॉर्न खाली ठेवलं.

---

जुनी_पोथी

फासेवाले, आराखडा फाडून टाका आणि ही घागर घ्या.

---

ऑर्कभाऊ

मान्य. नर्गलचा आजोबा खेळाच्या पुस्तकात शोभतो. हा दारात येतो.

---

फासेवाला_पंचवटी

मंडळी, काल रात्री खेळ झाला. पावणेनऊला बसलो ते दीडला उठलो. बाहेर पाऊस, गच्चीच्या पत्र्यावर आवाज एवढा की बोलणं ऐकायला सगळे पुढे सरकून बसले होते, त्याचा फायदाच झाला.

आषाढ. सातघाटला पूर उतरलाय, घाटावर गाळ. चौघं अन्नछत्रात जेवायला बसले. मी फक्त एवढंच म्हणालो, "वाढणाऱ्या आजी जवळून गेल्या आणि पिकलेल्या द्राक्षांचा वास आला." आमचा योद्धा म्हणाला, वा, मनुका दिसतात शिऱ्यात. चोर गप्प. तिने दोन मिनिटांनी विचारलं, "आत्ता द्राक्षं कुठली?"

मग त्यांनी आजीचा पाठलाग केला. गटार नाही, भुयार नाही. आजी रात्री कावड घेऊन निघाली ती गावाबाहेरच्या झोपड्यांकडे, जिथे गावाने आजाऱ्यांना टाकलंय. प्रत्येक दारात घागर. ती भरते, कपाळावर हात ठेवते, "पाहुणा बरा आहे ना?" विचारते आणि "येते" म्हणून निघते. बऱ्या झालेल्यांपैकी काही जण तिच्या मागे कावडी घेऊन. तोच पंथ. एकूण अकरा माणसं. मंत्र नाही, काही नाही. शपथ एकच: दाराबाहेरून परत फिरायचं नाही.

आणि तिच्याच हातांनी रोग एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत, झोपडीतून अन्नछत्रात, अन्नछत्रातून मेळ्यात जातोय. तिला माहीत नाही. सांगितलं तर पटत नाही. ("मला बघ की, कुठे काय झालंय?" हे वाक्य मी मेरी मॅलनवरून उचललं, रात्रपाळी ताई.)

पाहुणा खरंच आहे का? आहे. शेवटच्या झोपडीत. आमच्यातल्या पुजाऱ्याने दिवा वर धरला तर कोपऱ्यात कुणी बसलेलं नाही, फक्त बसल्याचा खोलगट ठसा घोंगडीवर, आणि ठशाभोवती पांढरी लव. घोंगडी वरून नीट होती, त्यांनी उलटी केली तेव्हा दिसलं. वेल ताई, हे तुमचं.

मग तासभर फासाच पडला नाही. नुसतं भांडण. योद्धा म्हणे तिला बांधून नेऊ. पुजारी म्हणे स्वयंपाक बंद करू, पाणी भरू दे. जादूगार म्हणे मग पाण्यातून जाईल. चोर म्हणाली, "तिला नेलं तर उद्या घागरी कोण भरणार, तू भरशील?" तो म्हणाला मी योद्धा आहे. ती म्हणाली तेच विचारतेय.

मी तिला म्हटलं, मिळालं का तुझ्या प्रश्नाचं उत्तर? तिने हात वर केला, थांब म्हणून, आणि पात्राच्या कागदावर काहीतरी लिहीत राहिली. नंतर बघितलं तर सामानाच्या यादीत दोरी, कुलूपकाड्या, सुरी यांच्याखाली लिहिलं होतं: घागर, एक.

तिथेच थांबलो. निकाल पुढच्या शनिवारी.

एक राहिलं. सगळे गेल्यावर खाली आलो तर आई जागी. जिन्यात बसून ऐकत होती म्हणे, पत्र्याच्या आवाजात अर्धंच कळलं. विचारलंन, "त्या बाईला हात धुवायला कुणीच कसं सांगितलं नाही रे?"

---

रात्रपाळी

तुमच्या आईंना माझ्या वॉर्डात पाठवा.

---

देवळालीचा_नातू

वाचलं. दोनदा वाचलं. आमच्या वडिलांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, घागर मातीची नव्हती, तांब्याची होती.

---

निफाडची_वेल

मोरचुदाचं काय केलंत शेवटी?

---

फासेवाला_पंचवटी

@निफाडची_वेल, विहिरींतून काढलं. आता वेलकरी फक्त बागेत मारतात. शंभर लिटरला एक किलो, बरोबर ना?

---

निफाडची_वेल

बरोबर. चुनाही तेवढाच घ्या, आणि विळा बुडवून बघा आधी.